पाणी किती, आणि केव्हा

माझं लहानपण पोफळीच्या वसाहतीत गेलं. बाबा कोयनेच्या भूमिगत वीजगृहात ऑपरेटर होते. रात्रपाळी करून आले की आई विचारायची, "चहा टाकू?" आणि बाबा सांगायचे, "पातळी दोन फुटांनी वाढली." आमच्याकडे संवाद असेच चालायचे. धरण भरलं की घरात शिरा व्हायचा. पाणी टर्बाइनमधून गेलं तर सत्कारणी लागलं, नाहीतर वाया गेलं, हा आमचा कुळधर्म.

तोच कुळधर्म घेऊन मी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्टलंडला आले आणि कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या वीजनियोजनात अठरा वर्षं काढली. काम आकडेमोडीचं. पुढच्या वीस वर्षांत वीज किती लागेल, ती कुठून आणायची, आणि हे सगळं करताना नदीतल्या माशांचं काय होईल. हा शेवटचा प्रश्न मला सुरुवातीला परिशिष्टात टाकण्याजोगा वाटायचा. त्या परिशिष्टाने माझे कान कसे धरले, ते लिहून ठेवते आहे.

१. सांडव्यावरून गेलेलं पाणी वाया जात नाही, हे पटायला मला तीन वर्षं लागली. पहिल्याच महिन्यात मी एक तक्ता केला. एका रकान्यात टर्बाइनमधून गेलेलं पाणी, दुसऱ्यात सांडव्यावरून सोडलेलं. दुसऱ्याला मथळा दिला, 'वाया'. बैठकीत शेजारी एक मत्स्यशास्त्रज्ञ बाई बसल्या होत्या. त्यांनी काही न बोलता पेन काढलं, माझा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'वाट'. वाया आणि वाट यांतली जवळीक मराठीतली, त्यांना ती कुठून ठाऊक असणार! पण मला ती लागली. वसंतात सामन माशांची बोटभर पिल्लं समुद्राकडे निघतात. टर्बाइनपेक्षा सांडव्यावरून जाणं त्यांना बरंच सुखरूप पडतं, म्हणून त्या दिवसांत मुद्दाम पाणी सोडतात. माशांसाठी केलेल्या अशा सगळ्या तजविजींमुळे खोऱ्याची वर्षाला सरासरी हजारेक मेगावॅट वीज कमी होते. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. म्हणजे निम्मी कोयना, तीही वर्षभर अखंड चालणारी. बाबांना हा आकडा मी बरीच वर्षं सांगितलाच नाही.

२. ज्या कायद्याखाली मी काम करत होते, त्यातला मुख्य शब्दच मी उलटा वाचला होता. १९८०च्या या कायद्याने वॉशिंग्टन, ओरेगन, आयडाहो आणि मोंटाना या चार राज्यांची एक परिषद नेमली, प्रत्येक राज्याचे दोन सदस्य. तिच्या नावात वीज आहे आणि 'कॉन्झर्व्हेशन' आहे. मी समजले, हे निसर्गाचं संवर्धन असणार. तीन महिन्यांनी व्याख्येचं कलम वाचलं. कायद्यात त्या शब्दाचा अर्थ आहे विजेची बचत. मराठीत बचत वेगळी, संवर्धन वेगळं. इंग्रजीने दोन्ही एकाच डब्यात भरलेत. मासे परिषदेच्या नावात नाहीतच, पण कामात पहिले आहेत. आधी मासे आणि वन्यजीवांचा कार्यक्रम, मग विजेचा आराखडा, असा क्रम कायद्यानेच लावून दिला आहे. मी ज्याला परिशिष्ट समजत होते तो पहिला अध्याय निघाला. आणि बचत? नवी वीज हवी असेल तर आधी बचत करा, मग सूर्य, वारा वगैरे बघा, बाकीचं त्यानंतर, अशी ही उतरंड आहे. गेल्या चार दशकांत खोऱ्याने अशी ७,००० सरासरी मेगावॅटहून जास्त वीज 'मिळवली'. मोठाली धरणं बघायला आलेल्या मला कळलं, की इथलं एक सर्वांत मोठं वीजघर लोकांच्या माळ्यावर, छपराखाली अंथरलेल्या, घराची ऊब धरून ठेवणाऱ्या लोकरीसारख्या थरात आहे. त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही, एवढीच त्याची उणीव.

३. अंदाज चुकणं हा आमच्या धंद्याचा स्थायीभाव आहे. फक्त चूक कागदावर राहिली की काँक्रीटमध्ये उतरली, यावर नशीब ठरतं. १९७०च्या दशकात इथल्या जाणत्यांनी विजेची मागणी धडाधड वाढणार असं गृहीत धरलं आणि पाच अणुवीजघरं बांधायला घेतली. मागणी तशी वाढली नाही, खर्च मात्र वाढत गेला. १९८३ साली सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. पाचांतलं एकच वीजघर पुरं झालं, ते आजही चालतं. ही गोष्ट मी नव्या मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मग माझी पाळी आली. मागणी आता जवळजवळ सपाट राहणार, असं मी एका अहवालात ठामपणे लिहिलं. डेटा सेंटरं येत होती. मी त्यांना 'मोठी गोदामं' समजले. आता त्यांच्या वाढत्या मागणीने सगळ्यांची झोप उडवली आहे. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आम्ही आपलं पाऊस किती पडेल ते सांगत नसू. पडला की मोजायचो." त्यात टोमणा होता की सांत्वन, ते अजून ठरलेलं नाही.

४. माझी माशांशी ओळख ताटातली होती, आणि ती पुरेशी आहे असा माझा समज होता. चिपळूणच्या बाजारातल्या मासळीवर वाढलेली मी. इथल्या सामनला मी पहिलं वर्षभर 'रावस' म्हणत होते. रावस वेगळा. सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्माच्या ओढ्यात परत येतो, बहुतेक मरण्यासाठीच. त्याचं कुजलेलं शरीर अस्वलं, गरुड आणि शेवटी काठची झाडं खातात. समुद्रातलं नत्र असं डोंगरातल्या झाडांत जाऊन बसतं. तिकडे किनाऱ्यावरचे काही ऑर्का देवमासे याच माशावर जगतात. त्यामुळे 'मासे की वीज' असा प्रश्न कोणी विचारला की मला आता तो अपुरा वाटतो. आयडाहोतल्या रेडफिश तलावाचा सॉकाय जातीचा सामन समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर पोहत, आठ धरणं ओलांडत, साडेसहा हजार फूट उंचीवर चढतो. वाटेत काही खात नाही. १९९२ साली त्या तलावात एकच मासा पोचला. एक नर. लोकांनी त्याला 'एकटा लॅरी' असं नावही दिलं. माझ्या तक्त्यांत दशांश चिन्हानंतरची दोन घरं असायची. त्या वर्षीच्या रकान्यात नुसता '१' पाहिल्यावर मी ती दोन घरं काढून टाकली.

५. एखादी गोष्ट माशांसाठी चांगली, म्हणून ती दुप्पट केली की दुप्पट चांगली, असं होत नाही. सांडव्यावरून पाणी उंचावरून कोसळतं तेव्हा ते हवा घेऊन खोल जातं. हवेतला वायू दाबाखाली पाण्यात मुरतो, आणि मग माशांच्या परांत, डोळ्यांत बुडबुडे धरतात. खोल बुडी मारून घाईने वर आलेल्या पाणबुड्याला होतं तसंच काहीसं. म्हणून किती पाणी सोडायचं यालाही मर्यादा आहे. २०११च्या वसंतात बर्फ भरपूर वितळलं, नदी दुथडी भरली, आणि त्याच दिवसांत वाराही जोरात होता. जास्त पाणी सांडव्यावरून सोडावं तर वायूची मर्यादा ओलांडते. टर्बाइनमधून सोडावं तर एवढी वीज घेणार कोण? शेवटी पवनचक्क्या थांबवल्या गेल्या. पवनचक्कीवाले कोर्टकचेरीत गेले. मी त्या आठवड्यात पाहुण्यांना समजावत होते, की माशांना बुडबुडे होऊ नयेत म्हणून स्वच्छ वीज बंद ठेवली आहे. एक काका म्हणाले, "हे तू जरा मराठीत सांग." मी मराठीतच सांगत होते.

६. आपण शिडी बांधतो तेव्हा मनात एक चढणारा असतो, आणि बाकीच्यांची आपल्याला आठवणही नसते. बॉनव्हिल धरण १९३८ साली उभं राहिलं, तेही माशांच्या शिडीसकट. पायऱ्यापायऱ्यांच्या हौदांतून सामन उड्या मारत वर जातो. बघायला गर्दी होते. पण याच नदीत लॅम्प्रे नावाचा बामसारखा लांबट प्राणी आहे, डायनासोरांच्याही आधीपासूनच्या वंशातला. त्याला जबडा नाही. तो उडी मारत नाही, तोंडाने भिंतीला चिकटतो, सरकतो, पुन्हा चिकटतो. शिडीतल्या काटकोनी कोपऱ्यावर त्याची पकड सुटते आणि तो पुन्हा खाली. सामनला जी वाट, ती याला भिंत. कित्येक दशकं याची फारशी दखल कोणी घेतली नाही, कारण शहरातल्या ताटात लॅम्प्रे नसतो. नदीकाठच्या आदिवासी जमातींच्या मात्र तो पूर्वापार जेवणातला आणि सणातला. त्या लोकांनी हा प्रश्न लावून धरला. उपाय काय, तर कोपरे गोल करा. अब्जावधी डॉलरच्या चर्चा ऐकून बैठकीतून बाहेर आले आणि धरणावर एक गवंडी काँक्रीटची धार गोलसर करताना दिसला. माझ्या सगळ्या अहवालांपेक्षा त्याच्या थापीचा उपयोग जास्त होता, असं वाटून गेलं. मग घरी येऊन मी अहवालच लिहिला, ते सोडा.

७. आकडा भरला म्हणजे नदी भरली, असं नाही. एकेकाळी या खोऱ्यात वर्षाला एक कोटी ते एक कोटी साठ लाख सामन परतत, असा अंदाज आहे. परिषदेने ५० लाखांचं ध्येय ठेवलं. ते गाठायला सोपा वाटणारा मार्ग म्हणजे मत्स्यबीज केंद्रं. पिल्लं वाढवा, सोडा. आज परतणाऱ्यांत बहुसंख्य मासे केंद्रातच जन्मलेले असतात. त्यांची ओळख पटावी म्हणून पाठीवरचा एक छोटा पर कापतात. गळ टाकणाऱ्याने पर नसलेला मासा घ्यायचा, असलेला सोडून द्यायचा. पण केंद्रातली पिल्लं रानटी पिल्लांच्या घासात वाटेकरी होतात, पुढे वंशातही. मला हे ऐकताना आपला महसीर आठवायचा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली. वीजवाले मासे वाढवतात, याचा मला लहानपणी फार अभिमान होता आणि अजूनही आहे. पण निळ्या पराचा तोच महसीर कावेरीतही सोडला गेला, आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे मागे रेटला गेला. जीव एकाच घरचे, नदी मात्र चुकली. आणि महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे म्हणून कोणी हातच लावत नाही असे मासे आहेतच. तिथे कुणी ध्येय ठरवलेलं नाही. मी हा दाखला एकदा बैठकीत दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि इतिवृत्तात तो 'स्थानिक किस्सा' म्हणून नोंदवला गेला.

८. 'किती' या प्रश्नावर जे लोक वीस वर्षं भांडतात, ते 'केव्हा' या प्रश्नावर कधीकधी एका टेबलाशी बसतात. हे मला सर्वांत उशिरा कळलं. किती पाणी माशांना, किती विजेला, यावर कोर्टात खटले चालूच होते. दरम्यान दक्षिणेला कॅलिफोर्नियात सौरपॅनल वाढली. दुपारी वीज इतकी स्वस्त होऊ लागली, की ती विकून हाती काही लागेना. भाव चढायचा तो सूर्य मावळल्यावर आणि सकाळी लवकर. मग २०१९च्या वसंतापासून एक तडजोड अमलात आली. दिवसाचे सोळा तास माशांसाठी सांडव्यावरून भरपूर पाणी, आणि विजेला भाव असलेले आठ तास जनित्रांसाठी. माझ्यासारखीला हे सुचायला हवं होतं. पाणी वेळेनुसार सोडणं हाच तर आमच्या घरचा व्यवसाय. पण मी वर्षाच्या बेरजा करत बसले होते. बेरजेत दुपार आणि संध्याकाळ एकच होतात. पिल्लांनाही सरासरी कळत नाही. त्यांचं शरीर खाऱ्या पाण्यासाठी बदलतं ते ठरावीक आठवड्यांत. धरणामागच्या संथ पाण्यात रेंगाळून तो मुहूर्त टळला, की पुढे नदीत पाणी कितीही असो.

९. आणि काही गोष्टींना 'केव्हा' उरतच नाही. कोलंबियावर सेलायलो नावाचा धबधबा होता. हजारो वर्षं तिथे जमाती मासे धरत, दूरदूरचे लोक व्यापाराला येत. १८५५च्या तहांत जमातींनी आपली जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. १० मार्च १९५७ रोजी खालच्या 'द डॅल्स' धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. त्या धरणाच्या गावातच आज गूगलचं डेटा सेंटर आहे. नदीच्या वरच्या अंगाला ग्रँड कूली धरण, १९४२चं, सुमारे ६,८०० मेगावॅटचं. त्याला शिडीच नाही. त्याच्या वरच्या शेकडो किलोमीटर नदीत सामन येणं थांबलं. एका सभेत मी समतोल या विषयावर चित्रं दाखवत होते, शेवटच्या चित्रात तराजू. एक वयस्क गृहस्थ उठले, सेलायलोच्या काठी जन्मलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तराजू टांगायच्या आधी एका पारड्यातलं काढून घेतलं असेल, तर समान भागही कुठून मोजायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सभेनंतर त्यांनीच मला कॉफी आणून दिली, याने जास्त ओशाळल्यासारखं झालं. तराजूचं चित्र त्यानंतर मी वापरलेलं नाही. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं मला तेव्हा एका दमात आठवेनात, हेही त्याच रात्री लक्षात आलं.

१०. माझं मत काय, असं कोणी विचारलं तर मी अलीकडे चाचरते, आणि त्याची मला पूर्वीइतकी लाज वाटत नाही. कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीवरची खालची चार धरणं पाडावीत का, हा इथला जुना वाद. तिथून गव्हाचे पडाव जातात, थंडीच्या कडाक्यात वीज येते, आणि त्याच वाटेने रेडफिशचा सॉकाय चढतो. पाणविजेत धूर नाही, म्हणून ती हवामानासाठी चांगली. पण २०१५च्या उन्हाळ्यात नदी इतकी तापली, की सुमारे अडीच लाख सॉकाय वाटेतच मेले. धूर टाळणाऱ्या धरणांचे संथ जलाशयही उन्हात तापतातच. मग डोंगरातल्या ड्वॉर्शॅक धरणाच्या तळातलं गार पाणी उन्हाळ्यात सोडतात, खालच्या माशांना उसंत मिळावी म्हणून. धरणाने केलेल्या दुखण्यावर दुसऱ्या धरणाचं औषध. सोमवारी मला वाटतं, पाडावीत. गुरुवारी मागणीचे आलेख आले की वाटतं, थांबावं. शनिवार-रविवार मी या विषयावर बोलत नाही.

११. मोजणारा माणूस बघितल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये, आणि बघितल्यावर तो आकडा नुसता आकडा राहत नाही. बाबा एकदा इकडे आले तेव्हा त्यांना बॉनव्हिलला नेलं. शिडीच्या बाजूला काचेची खिडकी आहे. तिथे १९३८पासून मासे मोजतात. मोजणारे तासातली पन्नास मिनिटं पाण्याकडे बघत बसतात, जात ओळखून बटण दाबतात. बाबांनी आधी ऑपरेटरचे प्रश्न विचारले: विसर्ग किती, हेड किती, पाळी किती तासांची. मग काचेपलीकडून चिनूक जातीचा एक सामन आला, हातभर लांब, शेपटीवर जखम. प्रवाहात जागच्या जागी थांबला आणि एकदम पुढे गेला. बाबा तास-दीड तास हलले नाहीत. निघताना फक्त म्हणाले, "रात्रपाळीच आहे ही."

आता ते चिपळूणच्या वर, वाशिष्ठीच्या काठी राहतात. कोयनेचं पाणी वीज करून याच नदीत उतरतं. जनित्रं चालली की नदी चढते, थांबली की उतरते. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाले, "पाणी चढलं की खडकावरचे बगळे उठतात. कुठे जातात कोण जाणे. उतरलं की परत येतात, पण लगेच नाही. तीस वर्षं पाणी सोडलं मी. खाली काय होतं ते आता बघतोय." त्यांनी वहीत दोन रकाने आखले आहेत. पाणी आल्याची वेळ आणि बगळे परतल्याची वेळ.

"दुसऱ्या रकान्याला नाव काय देऊ गं?" त्यांनी विचारलं.

"नाव नका देऊ, बाबा," मी म्हटलं. "आधी वर्षभर भरा."